तेविसावा क्रमांक

पहाटे ४.४५

गजराच्या आधीच जाग आली. बाहेर मिट्ट काळोख, तरी समोरच्या घरातले आजोबा डोक्याला दिवा बांधून हिरवळीवर दोऱ्या आखत होते. लॅम्बो फील्ड या फुटबॉलच्या मैदानावर सामना असला की आमच्या वस्तीतली घरं आपापल्या अंगणात गाड्या लावून घेतात, त्याचीच ही तयारी. आज सामना मात्र नाही. आज गुरुवार, २४ एप्रिल २०२५. संध्याकाळी सात वाजता अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, एनएफएलचा ड्राफ्ट सुरू होणार आहे, आणि तो यंदा आमच्या ग्रीन बेमध्ये आहे. जेमतेम एक लाख सात हजार वस्तीचं हे अमेरिकेतलं गाव.

ड्राफ्ट म्हणजे काय हे बाबांना फोनवरून समजवायला मला दोन हंगाम लागले. हा लिलाव नव्हे. आयपीएलसारखी इथे थैली रिकामी करून खेळाडू पळवता येत नाही. बत्तीस संघ, सात फेऱ्या. आदल्या हंगामात ज्याची सगळ्यांत वाईट गत झाली त्याला पहिला हात, विजेत्याला शेवटचा. कॉलेजांतून बाहेर पडणारी पोरं एकेक करून उचलायची. ही कल्पना बर्ट बेलची, आणि पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. आमचा संघ पॅकर्स गेल्या हंगामात अकरा सामने जिंकला, सहा हरला आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात फिलाडेल्फियाकडून २२–१० असा बाहेर पडला. म्हणून आमचा क्रमांक तेविसावा.

त्या तेविसाव्या हाताने कुठल्या जागेचा माणूस घ्यायचा, यावर आमच्या पेपर मिलमध्ये जानेवारीपासून भांडण चालू आहे.

सकाळी ६

ग्रीन बे म्हणजे फुटबॉल हे जगाला माहीत आहे. पण फॉक्स नदीच्या काठावरच्या या गावाचं पोट कागदावर, त्यातही टिश्यू पेपरवर भरत आलंय. मी टिश्यू मशीनच्या गुणवत्ता विभागात आहे. माझं बालपण बल्लारपूरला पेपर मिलच्या वासात गेलं, त्यामुळे इथे पहिल्या दिवशी दार उघडल्यावर मला परकं असं काही वाटलंच नाही.

पाळी बदलताना रात्रीच्या लोकांनी वही माझ्या हाती दिली. दोन रोल ताण-चाचणीत काठावर पास. त्याखाली कुणीतरी लाल पेनाने लिहिलं होतं : रिसीव्हर. त्याच्याखाली आमच्या म्हाताऱ्या मशीन टेंडरच्या ठसठशीत अक्षरात : लाइन.

हा माणूस संघाचा मालक आहे, आणि हे मी शब्दशः म्हणते. पॅकर्सला कुणी एक धनी नाही. १९२३ पासून संघ लोकांच्या मालकीचा आहे, आज त्याचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. या भागावर लाभांश मिळत नाही, तो विकून नफाही कमावता येत नाही. त्याच्या बैठकीत ते प्रमाणपत्र लग्नाच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. म्हणून हे भांडण वेळ घालवण्यासाठीचं आहे असं मला कधी वाटलं नाही. घरात कुठल्या खोलीचं छत आधी दुरुस्त करायचं, यावर घरचेच लोक बोलतात तसं ते असतं.

सकाळी ९.३०

चहाची सुट्टी. माझ्या थर्मासातला चहा, त्यांची कॉफी.

आमच्या पाळीत तीन पक्ष. पहिला पक्ष कागद गुंडाळणाऱ्या वाइंडरवरच्या तरुण मुलाचा, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या वाइड रिसीव्हरचा. त्याचं म्हणणं : चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला, जॉर्डन लव्हला आपण वर्षाला साडेपाच कोटी डॉलर देतो, आणि त्याने फेकलेला चेंडू आपल्याच लोकांच्या हातून निसटतो. रिसीव्हर ख्रिश्चन वॉटसनचा गुडघा जानेवारीत गेला, फिलाडेल्फियाच्या सामन्यात आणखी दोघे रिसीव्हर जखमी होऊन बाहेर बसले. २००२ साली जॅव्हॉन वॉकरला घेतल्यापासून पॅकर्सने पहिल्या फेरीत एकही रिसीव्हर घेतलेला नाही. तेवीस वर्षं आणि तेविसावा क्रमांक, हा त्याला शकुन वाटतो.

दुसरा पक्ष कॉर्नरबॅकचा. समोरच्या रिसीव्हरच्या सावलीसारखं धावायचं, चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, हे या जागेचं काम. फिलाडेल्फियाने गेल्या वर्षी बाविसाव्या क्रमांकावर क्विनियन मिचेलला आणि चाळिसाव्या क्रमांकावर कूपर डिजीनला घेतलं, आणि त्या दोन नवख्या पोरांच्या बळावर त्यांची मागची फळी उभी राहिली, असा दाखला हा पक्ष देतो.

तिसरा पक्ष आमच्या दोघांचा, म्हाताऱ्याचा आणि माझा. लाइन. त्यातही यंदा बचावाची, डिफेन्सिव्ह लाइन.

माझी बाजू मी बाबांकडून शिकले. बाबा कॉलनीच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यात खेळत. गुण घेऊन परतणाऱ्या चढाईपटूला लोक खांद्यावर घेत. बाबांचे ढोपर दर रविवारी सोललेले असत आणि त्यांचं नाव फक्त आईला ऐकू येई. पण संघ निवडताना कप्तान पहिल्यांदा विचारी, कोपऱ्यात कोण? अमेरिकन फुटबॉलमध्ये रेषेवरच्या त्या दीडशे-दीडशे किलोच्या माणसांचं तेच आहे. चेंडू त्यांच्या हाती क्वचितच येतो. ९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाने समोरच्या क्वार्टरबॅकला, पॅट्रिक महोम्सला सहा वेळा जमिनीवर पाडलं, आणि त्यासाठी मागून एकही जादा माणूस पुढे धाडला नाही. पुढच्या रेषेनेच सगळं केलं. मागचे सगळे मग चेंडूवर डोळा ठेवून निवांत उभे. कॉर्नरबॅकवाल्यांनी आपला दाखला इथे तपासून पाहावा : त्या दोन पोरांना तितकी मोकळीक कुणी दिली?

तरुण मुलगा एवढंच म्हणाला, “मँडरिच.”

हे नाव इथे कुणी उच्चारलं की लाइनवाले गप्प होतात. १९८९ साली पॅकर्सचा क्रमांक दुसरा होता. त्यांनी टोनी मँडरिच हा टॅकल, म्हणजे रेषेवरचा माणूस घेतला. त्याच्या पाठोपाठचे तीन : बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस, डिऑन सँडर्स. तिघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. मँडरिच तीन हंगामांत ग्रीन बेमधून संपला.

म्हाताऱ्याने कप ठेवला. “क्रेमर,” तो म्हणाला.

३१ डिसेंबर १९६७. उणे पंचवीस अंश सेल्सिअस. डॅलसविरुद्ध शेवटचे काही क्षण, गोलरेषा हातभर लांब. आमचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि पॅकर्स २१–१७ जिंकला. तो घुसला ती फट जेरी क्रेमर नावाच्या गार्डने, रेषेवरच्याच माणसाने उघडली होती. म्हातारा तेव्हा शाळकरी मुलगा होता, वडिलांच्या कोटात गुंडाळून बसला होता. क्रेमरला हॉल ऑफ फेमचं दार उघडायला २०१८ साल उजाडलं. म्हाताऱ्याच्या आवाजात त्याची खंत अजून आहे, आणि ती मला रास्त वाटते.

सकाळी ११

कागद तुटला.

टिश्यू मशीनवर ओला पातळ थर प्रचंड तापलेल्या यांकी ड्रायरवर चिकटतो आणि पात्याने खरवडून निघतो. पुढे तो रीलवर गुंडाळला जातो. तुटतो तेव्हा सगळ्यांची नजर रीलकडे जाते, कारण चिंध्या तिथे उडतात. खरं कारण बहुतेकदा मागे असतं. आज पात्याची धार गेली होती. पातं बदललं, थर पुन्हा ओढून घेतला, वजन आणि जाडीचे नमुने मी दोनदा तपासले. अर्धा तास गेला.

दुपारी १२.३०

जेवणाच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर तरुण मुलाने आकडे मांडून ठेवले होते. तयारी करून आला होता.

या हिशेबाचं मूळ लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारात आहे. त्याआधी पहिल्या क्रमांकाचा खेळाडू तोंडाला येईल तो आकडा मागत असे. सॅम ब्रॅडफर्डला २०१० साली सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर कबूल झाले होते. पुढच्याच वर्षी नवीन नियम आला आणि पहिला क्रमांक कॅम न्यूटन चार वर्षांच्या सव्वादोन कोटींच्या आत आला. तेव्हापासून नवख्या खेळाडूचा पगार क्रमांकावरून ठरतो, त्याच्या जागेवरून नव्हे. यंदाच्या तेविसाव्याला चार वर्षांचे मिळून पावणेदोन कोटींच्या आसपास मिळतील, मग तो क्वार्टरबॅक असो की गार्ड.

अनुभवी खेळाडूंच्या बाजारात मात्र जागेप्रमाणे दर आहेत. जमार चेजने मार्चमध्ये करार केला, वर्षाला चार कोटींच्या वर, तो रिसीव्हर. माइल्स गॅरेट, क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एज, चार कोटी. बचावाच्या रेषेत आतल्या बाजूला खेळणारा क्रिस जोन्स, सव्वातीन कोटींच्या जरा खाली. आणि सेक्वॉन बार्कली, ज्याने गेल्या हंगामात २,००५ यार्ड धाव घेतली आणि करंडक जिंकला, तो रनिंग बॅक म्हणून दोन कोटींच्या जरासा वर. संघाला वर्षाकाठी खर्चाची मर्यादा २७ कोटी ९२ लाख. तेव्हा जी जागा बाजारात महाग, ती ड्राफ्टमध्ये स्वस्तात भरून घ्यायची.

“तुझ्याच आकड्यांनी रिसीव्हर आतल्या लाइनवाल्यापेक्षा महाग आहे,” तो मला म्हणाला.

खोटं नव्हतं. मी मान्य केलं.

पण किमतीइतकाच जागेचा उतारही बघावा लागतो, हे माझं म्हणणं. पहिल्या फेरीत नाही घेतला तर दुसऱ्या फेरीत त्या जागेचा किती चांगला माणूस उरतो? मी फळ्यावर चार नावं लिहिली. ग्रेग जेनिंग्ज, बावन्नावा. जॉर्डी नेल्सन, छत्तिसावा. रँडल कॉब, चौसष्टावा. डाव्हान्टे अ‍ॅडम्स, त्रेपन्नावा. पॅकर्सला पंधरा-वीस वर्षं पोसणारे हे रिसीव्हर सगळे दुसऱ्या फेरीतले. जगात चपळ, उंच, चांगल्या हातांची पोरं पुष्कळ जन्मतात. दीडशे किलो वजन घेऊन मांजरासारखी झेप घेणारी फार थोडी, आणि ती सगळ्यांना हवी असतात. त्यांचा उतार कड्यासारखा आहे. टी. जे. स्लेटन मार्चमध्ये सिनसिनाटीला गेल्यापासून आपल्या रेषेच्या मधोमध भगदाड आहे, ते कड्याखाली उतरून भरता येणार नाही.

यंदाच्या पोरांच्या नावांवर मी मुद्दाम बोलत नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी ड्राफ्टच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. थेलरना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एकाच जागेचे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना शंभरात बावन्न दिसली. जवळजवळ नाणेफेकच. आमच्या गावाचाच दाखला घ्या. १९५८ साली पॅकर्सने दुसऱ्या फेरीत जिम टेलर, तिसऱ्या फेरीत रे निट्श्के आणि चौथ्या फेरीत तो जेरी क्रेमर घेतला. तिघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पहिल्या फेरीतला डॅन करी तिथे नाही. कुठलं पोर मोठं होईल ते कुणालाच सांगता येत नाही. कुठल्या जागेची पोरं कधी संपतील याचा अंदाज मात्र बांधता येतो, म्हणून भांडायचं तर जागेवर.

म्हातारा डबा बंद करत म्हणाला, “आणि २०२०?”

त्या वर्षी आरॉन रॉजर्स भरात होता. गावाला त्याच्यासाठी रिसीव्हर हवा होता, आणि संघाने एक हात जादा देऊन सव्विसाव्या क्रमांकावर जॉर्डन लव्ह घेतला, म्हणजे दुसरा क्वार्टरबॅक. मिलमध्ये आठवडाभर सुतक होतं. त्याच्या पंधरा वर्षं आधी चोविसाव्या क्रमांकावर रॉजर्सला घेतलं तेव्हाही आधीचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह खेळतच होता, हे आठवायला कुणी तयार नव्हतं. आज लव्हच आमचा क्वार्टरबॅक आहे. गरज पाहून घेणाऱ्याला आजचं भगदाड दिसतं, पण घेतलेला माणूस खरा खेळायला लागतो तोवर भगदाड भलतीकडेच गेलेलं असतं. म्हाताऱ्याच्या या बोलण्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

दुपारी २

पाळी सुटली. घरी, आंघोळ, भात-आमटी, तासभर झोप.

दुपारी ४.३०

लॅम्बो फील्डकडे चालत निघाले. गाडी नेण्यात अर्थ नव्हता. ओनायडा स्ट्रीटवर ब्राटवुर्स्ट भाजल्याचा धूर, चीजच्या आकाराच्या पिवळ्या टोप्या, बत्तीस संघांचे बत्तीस रंग. डॅलसचा सदरा घातलेल्या एका कुटुंबाला समोरच्या आजोबांनी अंगणात जागा दिली होती, आणि त्यांच्या पोरांना ते १९६७ चा सामना सांगत होते. त्यांनी ऐकूनही घेतला.

प्रवेश फुकट आहे, नाव नोंदवलं की झालं. या मैदानाच्या हंगामी तिकिटांची प्रतीक्षायादी लाखाच्या वर आहे, लोक बाळ जन्मल्याबरोबर त्याचं नाव त्यात घालतात. इतकी वर्षं वाट पाहणाऱ्यांच्या दारात आज सगळ्यांना मोकळी वाट होती. गर्दीत माझ्या पुढे एक बाई सासूचा हात धरून चालत होती, आणि सासूच तिला सांगत होती की टॅकल घ्यायला हवा.

संध्याकाळी ७

टेनेसीने कॅम वॉर्डला घेतलं. क्वार्टरबॅक. अपेक्षितच होतं. त्याला चार वर्षांचे मिळून पाच कोटींच्या आत मिळणार, म्हणजे आमच्या लव्हच्या एका वर्षापेक्षा कमी. तरुण मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली.

दुसऱ्या क्रमांकावर धक्का बसला. जॅक्सनव्हिलने क्लीव्हलंडला आपला पाचवा आणि छत्तिसावा हात दिला, पुढच्या वर्षीची पहिली फेरीही दिली, आणि ट्रॅव्हिस हंटरसाठी वर चढलं. हा पोरगा रिसीव्हरही खेळतो आणि कॉर्नरबॅकही, कॉलेजात तो दोन्हीकडून मैदान सोडत नसे. आमच्या मिलमधले दोन पक्ष तिथल्या तिथे एक झाले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले.

मग माझ्या मनासारखं घडत गेलं, आणि तेच माझ्या विरोधात जात होतं. चौथा, सातवा, नववा : तिन्ही टॅकल. पाचवा मेसन ग्रॅहम, बचावाच्या रेषेतला. लास वेगसने सहाव्या क्रमांकावर अ‍ॅश्टन जेंटी हा रनिंग बॅक घेतला, बाजारातल्या स्वस्त जागेसाठी इतका वरचा हात. बार्कलीच्या हंगामाने एवढं केलं. अकराव्याला मायकेल विल्यम्स. तेराव्याला केनेथ ग्रँट. सोळाव्याला वॉल्टर नोलन. सतराव्याला शेमार स्टुअर्ट. लाइन, लाइन, लाइन. प्रत्येक नावागणिक म्हातारा बोटाने टोपीची कड खाली ओढत होता.

रात्री ९ नंतर

विसावा क्रमांक डेन्व्हरचा : जाडे बॅरन, कॉर्नरबॅक. आमच्यातला तो पक्ष तिथेच मावळला. एकविसावा पिट्सबर्गचा : डेरिक हार्मन, रेषेचा माणूस. बाविसाव्याला लॉस एंजेलिस चार्जर्सने रनिंग बॅक घेतला.

पडद्यावर आमचं चिन्ह आलं आणि दहा मिनिटांचं घड्याळ सुरू झालं. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पायाखालची जमीन थरथरत होती, हे मी अलंकाराने सांगत नाही.

त्या दहा मिनिटांत मी सगळा हिशेब पुन्हा मांडला. ज्या उताराची मी दुपारी गोष्ट सांगितली होती, तो आमच्या आधीच उतरून झाला होता. वरच्या थरातले रेषेचे बहुतेक लोक गेले होते. आता रेषेचा माणूस घ्यायचा तर कड्याखालचा घ्यावा लागणार होता, आणि त्या दर्जाचा उद्याही मिळाला असता. रिसीव्हर मात्र आतापर्यंत फार थोडे गेले होते. म्हणजे माझ्याच मापाने या घटकेला रिसीव्हर बरोबर होता. मी हे म्हाताऱ्याच्या कानात ओरडून सांगितलं. त्याने ऐकलं, विचार केला आणि मान हलवली. होकाराची.

संघाचे अध्यक्ष मार्क मर्फी मंचावर आले. जुलैमध्ये ते निवृत्त होताहेत. त्यांनी नाव उच्चारलं : मॅथ्यू गोल्डन, टेक्सास, वाइड रिसीव्हर. चाळीस यार्ड ४.२९ सेकंदांत धावलेला.

तरुण मुलगा रडत होता. मोठा, दाढीवाला, चोवीस वर्षांचा मुलगा. तो जन्मल्यापासून आपल्या संघाने पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतलेला त्याला आठवतच नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी मी लाइन विसरले, हे मला लिहून ठेवायचंय.

रात्री ११.३०

परत येताना तिघे एकत्र चाललो. पाय भरून आले होते. तरुण मुलाचा घसा बसला होता. म्हातारा पुढचा हात मोजत होता : चौपन्नावा, उद्या.

घरी येऊन बाबांना फोन लावला. बल्लारपूरला सकाळचे दहा वाजले होते, मागे कुकरची शिट्टी.

“कोनाले घेतलं मंग?”

“रिसीव्हर, बाबा. धावणारा.”

“पकडणारा नाही घेतला?”

“चांगले सगळे आधीच गेले. आमच्या पुढे अर्धा डझन गेले.”

बाबा जरा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “पुढचा नंबर कधी?”

“उद्या संध्याकाळी सहाला दुसरी फेरी. आमचा चौपन्नावा.”

“मंग तवा सांग मले.” आणि आईला हाक मारून ते म्हणाले, “उद्याचा तिचा फोन आला की मलेच दे.”

गजर पावणेपाचचा लावला. वहीत रात्रपाळीच्या लाल अक्षरांखाली सकाळी मी काय लिहिणार ते ठरलंय : ५४ — लाइन.